बाईंची वही आणि दुसऱ्यांदा मेलेला कन्व्हर्टर

फेब्रुवारी २०२४ मध्ये डिचोलीच्या एक निवृत्त शिक्षिका आपली हायब्रिड सेदान घेऊन म्हापशाला आमच्या गॅरेजात आल्या. आठवी ते दहावी मला गणित त्यांनीच शिकवलं. त्यामुळे या प्रकरणात गिऱ्हाईक मिस्त्रीला ‘तू’ म्हणत होतं, आणि काही सांगितलं की ‘पायऱ्या दाखव’ असा हुकूम यायचा. एरवी मी इतकं लिहून ठेवत नाही. या गाडीचं ठेवलं, त्याला कारण हे.

गाडी २०१६ची, पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणारी, म्हणजे पूर्ण हायब्रिड. घड्याळात १,२४,००० किलोमीटर. पहिली सहा वर्षं बाईंच्या मुलाने ती पुण्यात चालवली. तो परदेशी गेला आणि गाडी डिचोलीला आली. तेव्हापासून तिचं आयुष्य म्हणजे बाजार, देऊळ, शाळेच्या समितीची बैठक. एका फेरीला दोन-तीन किलोमीटर. महिन्यातून एकदा लेकीकडे पर्वरीला.

तक्रार अशी. जुलै २०२३ मध्ये इंजिन चेकचा दिवा लागला. जवळच्या एका गॅरेजात स्कॅनर लावला, कोड निघाला पी०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, इंजिनाचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याची, कार्यक्षमता मर्यादेखाली. त्यांनी कोड पुसला, टाकीत क्लीनरची बाटली ओतली. नऊ दिवसांनी दिवा परत. मग निदान झालं की पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली, तापलेला कन्व्हर्टर गार पाण्याने तडकला. सप्टेंबरात, चवथीच्या आधल्या आठवड्यात, १६,००० रुपयांत बाजारातला दुसरा कन्व्हर्टर बसवला. दिवा गेला. जानेवारीत पुन्हा लागला. कोड तोच.

तडकण्याची गोष्ट अगदीच खोटी नाही. आतलं चिनीमातीचं, मधाच्या पोळ्यासारखं भोकाभोकांचं पोळं लाल तापलेलं असताना बाहेरून पाणी लागलं तर ते फुटू शकतं, आणि गोव्याच्या पावसाळ्यात असं पाणी रस्त्यारस्त्याला भेटतं. पण पोळं फुटलं की रबरी हातोडीने ठोकल्यावर आत खुळखुळतं. तसं कुणी ठोकून बघितलं होतं का, असं मी बाईंना विचारलं.

“ठोकलं नाही. सांगितलं.”

आणि मूळ कन्व्हर्टर कुठे आहे? तो गॅरेजनेच ठेवून घेतला होता. इथे थोडा विषय सोडतो. कन्व्हर्टरच्या पोळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो. मेलेल्या कन्व्हर्टरलाही भंगारात चांगला भाव येतो तो त्यामुळेच. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हायब्रिड गाड्यांखालचे कन्व्हर्टर रातोरात कापून नेतात. तेव्हा भाग बदलला तर जुना मागून घ्यावा. पैसे मिळतात हे तर झालंच, पण तो पुरावाही असतो. आमच्या हातात मूळ भाग असता तर पुढचे दोन दिवस वाचले असते.

आधी बाईंना हे यंत्र करतं काय ते पायऱ्यांनी सांगावं लागलं. इंजिनातून तीन वाईट गोष्टी निघतात: कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. पहिल्या दोघांना ऑक्सिजन द्यायचा असतो, तिसऱ्याकडून काढून घ्यायचा असतो. दोन्ही कामं एकाच डब्यात होतात, कारण लेपातलं सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसा सोडतं. घरातला रांजण समजा. नळ कधी जोरात, कधी करंगळीएवढा, पण रांजणातून तांब्याने घेतलेलं पाणी सारखंच. कन्व्हर्टरच्या पुढे एक सेन्सर असतो, मागे एक. पुढच्याला नळाची चढउतार दिसते. मागच्याला रांजणातलं पाणी दिसायला हवं, म्हणजे जवळजवळ सरळ रेघ. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला तर रांजण फुटला असं संगणक समजतो आणि पी०४२० लिहितो. कन्व्हर्टर कशाने मेला, हे त्या कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. बाईंना हे वाक्य दोनदा सांगितलं, कारण सगळा घोटाळा इथेच होतो.

पहिले दोन दिवस

हायब्रिडची तपासणी करताना पहिली अडचण म्हणजे इंजिन चालू राहतच नाही. गाडी उभी केली की ते बंद होतं. ठरावीक क्रमाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून मेंटेनन्स मोडमध्ये घालावं लागतं, मगच ते सलग चालतं. याच संदर्भात बाईंनी पीयूसीचा किस्सा सांगितला. पीयूसी केंद्रावरच्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली तेव्हा इंजिन बंद होतं. बाईंनी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, “मॅडम, चांगलंच आहे ना.” प्रमाणपत्रावर कार्बन मोनॉक्साइड शून्य. डिचोलीच्या हवेची तपासणी झाली, गाडीची नव्हे.

उलटही धोका आहे, तो नव्या पोरांना मी रोज सांगतो. डॅशबोर्डवर गाडी तयार असल्याचा दिवा लागलेला असताना खाली शिरू नका. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं आणि तुमचा हात सायलेन्सरवर असतो. किल्ली गाडीपासून लांब ठेवायची. उच्च दाबाच्या नारिंगी तारांजवळ काम असेल तर मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढून दहा मिनिटं थांबायचं, हातात रबरी मोजे.

इंजिन तापवून २,५०० आरपीएमवर धरलं. मागचा सेन्सर ०.१ ते ०.८ व्होल्टमध्ये झोके घेत होता. धडधाकट कन्व्हर्टरमागे तो ०.६-०.७च्या आसपास शांत बसतो. मग धुराच्या यंत्राने गळती शोधली. पुढच्या सेन्सरच्या वर कुठे बारीक फट असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. समुद्राच्या हवेने आमच्याकडे नटबोल्ट आणि गॅस्केटं लवकर गंजतात, म्हणून मी तिथेच अडून बसलो. मागच्या सेन्सरच्याही पलीकडे एका जोडातून थोडा धूर आला. त्याचा या कोडशी काही संबंध नाही. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहिलं. पावसाळ्यात हे हमखास होतं, पण इथे हार्नेस शाबूत होता. हातोडीने ठोकलं, आत खुळखुळ नाही.

काही मिस्त्री कन्व्हर्टरच्या पुढचं आणि मागचं तापमान बंदुकीने मोजून निकाल देतात. जुन्या गाड्यांत ते चालायचं. आजच्या इंजिनातून मुळात इतकं कमी न जळलेलं इंधन येतं की चांगल्या कन्व्हर्टरमध्येही फरक नगण्य दिसतो. त्यावर मी भरवसा ठेवत नाही.

दोन दिवसांनी माझ्याकडे एवढंच होतं: दुसरा कन्व्हर्टर खरंच मेला आहे, चार महिन्यांत, जेमतेम २,८०० किलोमीटरमध्ये. स्वस्त कन्व्हर्टरवर मौल्यवान धातूंचा लेप कमी असतो, तो लवकर थकतो हे खरं. तरी २,८०० फारच कमी. छोट्या फेऱ्यांवर खापर फोडायचा मोहही झाला. कन्व्हर्टर काम करू लागतो तो साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे. हायब्रिडमध्ये इंजिन थोडं चालतं, बंद होतं, डबा निवतो, पुन्हा चालतं. सकाळी बॅटरी भरलेली असूनही इंजिन मिनिटभर घुरघुरतं ते डबा तापवण्यासाठीच. बाजारापर्यंतच्या फेरीत तो नीट तापतो न तापतो तोच गाडी उभी. पण हायब्रिड गाड्या शहरात अशाच चालतात, आणि त्यांचे कन्व्हर्टर चार महिन्यांत मरत नाहीत.

वही

तिसऱ्या दिवशी बाई आल्या आणि विचारलं, “वही पाहिलीस का?”

ग्लोव्हबॉक्समध्ये दोनशे पानी वही होती. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर, भागाकार करून काढलेलं अ‍ॅव्हरेज, टायरची हवा, कुणी काय काम केलं, किती पैसे घेतले. मी ती पहिल्या दिवशी बाजूला सारून स्कॅनर शोधला होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये एक नोंद: “कूलंट पाव लिटर घातलं.” ऑक्टोबरात पुन्हा पाव लिटर. पुढे दर महिन्याला. नंतर नंतर “अर्धा लिटर”. २०२३च्या मे महिन्यात “पाणी घातलं, नळाचं”. दीड वर्षाची बेरीज बाईंनी तिथल्या तिथे केली: साडेचार लिटर. गाडीखाली थेंब नाही. आणि अ‍ॅव्हरेज २१ वरून १७ वर. एका पानाच्या समासात लिहिलं होतं, “सकाळी निघताना गाडी अंग झाडते, भिजलेल्या कुत्र्यासारखी.” हे पहिल्या गॅरेजला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. उत्तर मिळालं की हायब्रिड अशीच असते.

हे उत्तर ऐकून गाडीवाला गप्प बसतो, आणि त्यातच हायब्रिडचं दुखणं लपतं. साध्या गाडीत सकाळी एक सिलिंडर नीट पेटला नाही तर स्टार्टर घोळवतं, मालक लगेच ओरडतो. इथे मोठी इलेक्ट्रिक मोटर इंजिनाला आधी गरगर फिरवते, मग ठिणगी येते. चुकलेली ठिणगी मोटर झाकून टाकते. चार सेकंदांचा हादरा, मग सगळं गुळगुळीत. त्यात या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, फक्त अति तापल्यावर लागणारा दिवा आहे.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. कूलिंग सिस्टीमला पंपाने दाब दिला आणि घरी गेलो. सकाळी दाब उतरलेला. स्पार्क प्लग काढून दुर्बीण आत सोडली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिस्टनवर नेहमीची काळी काजळी. पहिला पिस्टन घासलेल्या भांड्यासारखा लखलखीत, आणि कडेला ओल. प्लग बसवून इंजिन सुरू केलं तेव्हा स्कॅनरवर पहिल्या सिलिंडरचे मिसफायर, म्हणजे न पेटलेले ठोके, मोजले गेले, बाकी तिघांचे शून्य. मिनिटभरात तेही थांबले, म्हणूनच त्यांचा स्वतंत्र कोड कधी साठला नव्हता.

म्हणजे हेड गॅस्केट गेलेलं, इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ठोकळा यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी. गरम इंजिन बंद झालं की दाबाखालचं कूलंट पहिल्या सिलिंडरमध्ये झिरपत होतं. सकाळी ते वाफ होऊन सायलेन्सरकडे जायचं. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, बऱ्याच आशियाई गाड्यांच्या कूलंटमध्ये फॉस्फेट. ती लेपावर काचेसारखा थर धरतात आणि खालचा धातू झाकला जातो. त्यात मिसफायर झालेलं कच्चं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन एकत्र कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतात, डबा प्रमाणाबाहेर तापतो. दोन्ही बाजूंनी मार. विषबाधेची गोष्ट तशी जुनीच. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा बिनशिशाचं पेट्रोलही सोबत आणावं लागलं, कारण शिशाने लेप मरतो. शिसं २००० साली देशभरातल्या पेट्रोलमधून गेलं. फॉस्फरस अजून आहे, इंजिन ऑइलमध्येही आणि कूलंटमध्येही.

हेड उतरवलं तेव्हा ईजीआरचा, म्हणजे जळका वायू परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचा, कूलर काजळीने तुंबलेला निघाला, मॅनिफोल्डमधली पहिल्या सिलिंडरची वाट तर जवळजवळ बंद. या इंजिनात थंड केलेला जळका वायू परत आत पाठवून ज्वलनाचं तापमान खाली ठेवतात. ती वाट बंद झाली की ते तापमान चढतं. गॅस्केट त्यानेच गेलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, नळाच्या पाण्याचाही हात असेल. पण ईजीआर साफ न करता नुसतं गॅस्केट बदललं असतं तर मी स्वतःलाच पुन्हा बोलावून घेतलं असतं.

काय केलं, कोणत्या क्रमाने

बाईंसमोर तीन वाटा ठेवल्या. एक वाट दुसऱ्या कुणीतरी आधीच सुचवली होती: मागच्या सेन्सरला नळकांडं लावून तो धुरापासून लांब करायचा, किंवा डबा पोकळ करून सॉफ्टवेअरने दिवा मारायचा. दोन-तीन हजारांचं काम. ते मी करत नाही. प्रदूषणाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. पण त्याहून साधी गोष्ट अशी की दिवा मारला असता तर कूलंट झिरपतच राहिलं असतं आणि एका सकाळी इंजिन पाण्याने अडकून कनेक्टिंग रॉड वाकला असता. दुसरी वाट: लगेच कंपनीचा मूळ कन्व्हर्टर, १,३२,००० रुपये. तिसरी: आधी इंजिन, मग थांबायचं, मग कन्व्हर्टर.

बाईंनी तिसरी निवडली, पण थांबायचं कशाला, हे विचारलं. मी म्हटलं, गॅस्केटचं काम बरोबर झालं की नाही हे हजारभर किलोमीटरनंतर कळतं. ते चुकलं असेल तर मेलेला डबा पुन्हा मरेल, नवा मरणार नाही.

“म्हणजे खराब फळ्यावर आधी गणित सोडवून बघायचं.”

तसंच काहीसं.

हेड लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे तळ सपाट करायला, पाठवलं. पट्टी आणि फीलर गेजने पाहिल्यावर ते पहिल्या सिलिंडरकडे बसलेलं दिसत होतं. नवं गॅस्केट, हेडचे नवे बोल्ट (जुने ताणलेले असतात, ते परत वापरायचे नसतात), ईजीआर कूलर आणि मॅनिफोल्ड सोड्याच्या गरम पाण्याने नाही तर योग्य क्लीनरने साफ, कूलंट कंपनी सांगते तेच. आधीच्या कुणीतरी गुलाबीत हिरवं मिसळलं होतं. ५८,००० रुपये झाले. दिवा लागलेलाच असल्याने दुसरा कुठला दोष आला तर कळणार नाही, म्हणून दर आठवड्याला बाई येऊन स्कॅन करून जायच्या. अस्नोड्यावरून येईपर्यंत इंजिन नीट तापायचं, तेवढाच फायदा. १,२०० किलोमीटरमध्ये कूलंट केसभरही उतरलं नाही. सकाळचा हादरा गेला.

मग मूळ कन्व्हर्टर मागवला. स्वस्तातला काढला तो बाईंच्या समोर ग्राइंडरने कापला. पोळ्याच्या पुढच्या तोंडावर राखाडी-पांढरा थर, मधली काही भोकं वितळून बुजलेली. बाईंनी चष्मा काढून जवळून बघितलं आणि सोळा हजार असे दिसतात होय, म्हणाल्या. मागचा सेन्सर बदलावा का, हा प्रश्न उरला होता. कूलंटने सेन्सरही खराब होतात. पण त्याची प्रतिक्रिया वेगवान होती, पेट्रोल जास्त (रिच) असो की कमी (लीन), दोन्हीकडे वेळेवर वळत होता, म्हणून तोच ठेवला.

दिवा पुसला तरी काम संपत नाही. कन्व्हर्टरची स्वतःची तपासणी संगणकाने पूर्ण करायला हवी, आणि त्यासाठी इंजिन सलग चालायला हवं. हायब्रिडमध्ये नेमकं तेच होत नाही. डिचोलीच्या बाजारात फिरून ही तपासणी महिनाभर अपूर्णच राहिली असती. रविवारी पहाटे म्हापशाहून राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पेडण्याच्या अंगाने पत्रादेवीपर्यंत आणि परत, साठ-सत्तरच्या एकसारख्या वेगाने, ब्रेक शक्यतो न लावता. परतीच्या वाटेवर तपासणी पूर्ण झाली. मागचा सेन्सर ०.६६ व्होल्ट, सरळ रेघ.

मूळ कन्व्हर्टर जुलै २०२३ मध्ये खरंच गेला होता की नुसता आजारी होता, हे आता कळायचा मार्ग नाही. तेव्हाच गॅस्केट सापडलं असतं तर तो कदाचित वाचला असता आणि बाईंचे १,४८,००० रुपयेही. बाईंनी ही वजाबाकी वहीत करून ठेवली आहे, उत्तराखाली दोन रेघा ओढून.

त्याच वर्षीच्या चवथीनंतर बाई नेवऱ्यांचा डबा घेऊन आल्या. साडेपाच महिन्यांत ४,९०० किलोमीटर, कूलंटचा रकाना कोरा. अ‍ॅव्हरेज २०च्या वर, फक्त जुलैपासून १९च्या खाली. तिथे लाल पेनने गोल केला होता. मी म्हटलं, पाऊस, काचेवरची वाफ घालवायला सतत एसी, त्यात छोट्या फेऱ्या. बाई काही बोलल्या नाहीत, वही माझ्यासमोरच उघडी धरली. हवेच्या रकान्यातली शेवटची नोंद जूनची होती. गेज लावला. मागचे दोन्ही टायर २४.